तिसरी वाटी

“हे पापलेट खायला नेतंस का जाळायला?”

चांगुणाबाई मेहेर यांनी हे काही हळू विचारलं नाही. माडबंदरच्या मासळीबाजारात हळू कोणी बोलतच नाही. पण त्या दिवशी बाकीच्या ओट्यांवरच्या बायका एकदम गप्प झाल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पापलेट. चोर मुद्देमालासकट सापडावा तशी मी उभी होते.

“कोण म्हणतं जाळतो म्हणून?”

“आमची भिमी म्हनते. तुमच्याकडंच झाडू मारते ना ती? हातमोजे घालता, मोठालं पापलेट भट्टीत टाकता, पार राख करता. मांजराला पन देत नाय. आमच्या म्हावऱ्यात असं काय हाय गो बाय, की तुमी ते खात नाय नि दुसऱ्याला खाऊ देत नाय?”

भिमी त्यांची नणंद, आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करायची. तिने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

मी तेव्हा अणुवीज केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या छोट्या प्रयोगशाळेत कामाला होते. केंद्राच्या आसपासचं दूध, तांदूळ, नारळ, गवत, मासळी आणायची आणि त्यात केंद्रातून काही उतरलंय का ते तपासायचं, हे आमचं काम. मासा तपासायचा तर तो वाळवून विजेच्या भट्टीत जाळावा लागतो. अख्ख्या माशात जे विरळ पसरलेलं असतं ते चिमूटभर राखेत गोळा झालं तरच यंत्राला दिसतं. गावाच्या जिवाची काळजी म्हणूनच तो खटाटोप होता. पण हे गावाला कोणी कधी सांगितलं नव्हतं. गावाने विचारलं नव्हतं आणि आमच्या ऑफिसात न विचारलेलं सांगायची पद्धत नव्हती.

“हो मावशी, जाळतो,” मी म्हटलं. “तपासायला जाळतो.”

पुढचं वाक्य कोणी ऐकलं नाही. ‘जाळतो’ एवढाच शब्द बाजारभर झाला. आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात. इथे तर आग लावणारीच कबूल झाली होती.

चार दिवसांत मुंबईच्या व्यापाऱ्याचा ट्रक यायचा बंद झाला. ‘माडबंदरचा माल नको,’ एवढाच निरोप. बोटी भरून येत होत्या आणि पापलेटं, रावस, हलवे बर्फात पडून राहत होते. त्या बर्फाचीही एक गंमत होती. गावातला बर्फाचा कारखाना आमच्या केंद्राच्या विजेवर आला होता. पूर्वी मासळी दुपारपर्यंत विकली नाही तर खारवायची, नाहीतर खत म्हणून टाकायची. बर्फ आला तसा चांगुणाबाईंचा धंदा वाढला, त्यांनी ओट्यावर पत्रा घातला, थोरल्या मुलाने नवी बोट बांधली. आता बर्फ होता, बोट होती आणि गिऱ्हाईक नव्हतं.

केंद्रातली दुसरी अणुभट्टी त्याच महिन्यात सुरू व्हायची होती. राज्यभर भारनियमन चाललेलं, गिरण्या आठवड्यातून एकदा बंद, शेतातले पंप रात्रीचे. सगळे त्या विजेकडे डोळे लावून होते. आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भास्कर तांडेल यांनी जाहीर केलं की भट्टी सुरू होण्याच्या दिवशी गाव केंद्राचा रस्ता अडवणार. माणसं आडवी पडतील पण गाडी आत जाऊ देणार नाहीत.

आमचे प्रमुख डॉ. फणसळकर माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना लोकांची भीती वाटायची. विंचवाला जसं लांबून चिमट्याने धरतात तसं ते गावाशी वागायचे.

“बिराजदार, उपाय सोपा आहे,” ते म्हणाले. “परवा बंदरावर जेवण ठेवू. मी, दोन इंजिनिअर, तहसीलदार. सगळ्यांसमोर इथलीच मासळी खाऊ. फोटो येतील पेपरात. विषय संपला.”

“सर, खाऊन काय सिद्ध होतं?”

“लोकांना पटतं. तेवढं पुरे.”

“एका जेवणाने आपल्याला काही होणार नव्हतंच. मासळीत काही असतं तरीही झालं नसतं. हे त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

“तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा,” ते म्हणाले. “तुम्ही खात नाही ते माहीत आहे मला.”

खरं होतं ते. मी अक्कलकोटकडची, लिंगायत घरातली. नोकरी लागेपर्यंत मासा मी चित्रात पाहिलेला. नाक मुठीत धरून बाजारात शिरले तेव्हा कल्ले लाल हवेत, डोळा चकचकीत हवा, हे मला चांगुणाबाईंनीच शिकवलं. घासाघीस न करता उत्तम माल नेणारं गिऱ्हाईक म्हणून त्या माझ्यावर जीव टाकायच्या. मी मासे खात नाही हे त्यांना सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

ती वेळ जेवणाच्या दिवशी आली.

बंदरावर मांडव घातला होता. साहेबांनी तळलेला हलवा खाल्ला, रस्सा खाल्ला, ‘वा, वा’ म्हणाले. फोटोवाल्याने फोटो काढले. गाव लांब उभं राहून बघत होतं, जसं लग्नात न बोलावलेले बघतात. तहसीलदारांचा हात धुवून होतो न होतो तोच चांगुणाबाई पुढे आल्या.

“सायेब, तुमी आज एक दिस खाल्लंत. आमची पोरं दात आल्यापासनं खातात. तुमच्या एका दिसानं आमी काय समजायचं?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आनि ही बाय दर आठवड्याला माझ्याकडनं नेते. हिला का नाय बसवलात पंगतीत?”

“मी मासे खात नाही, मावशी. आमच्यात चालत नाही.”

हशा पिकला. वर्षानुवर्षं ताजं पापलेट निवडून नेणारी बाई शाकाहारी! हशा विरला आणि चेहरे कठीण झाले. खोटं तरी किती बोलावं, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. भास्कर तांडेल म्हणाले, “झाला ना तमाशा? आता रस्त्यावर भेटू.”

फणसळकर माझ्या कानाशी लागले, “चला आता. काही बोलू नका.”

मला राग आला होता. फणसळकरांचा आला, त्या फोटोवाल्याचा आला आणि सगळ्यांत जास्त त्या हशाचा. मी माझं काम चोख करत होते, डोळ्यांत तेल घालून करत होते आणि मी खोटारडी ठरत होते. मी तिथेच उभी राहिले.

“मावशी, मी जाळते ते तुम्ही येऊन बघा. तुमच्या हाताने मासळी आणा. इथली आणा, आणि हवी तर जिथे असलं केंद्र नाही अशा लांबच्या बंदरावरची पण आणा. भट्टीजवळ तुम्ही बसा. राख तुम्ही वाटीत भरा. कुठल्या वाटीत कुठली राख ते मला सांगू नका. मी मोजेन आणि येईल तो आकडा तुमच्यासमोर सांगेन.”

चांगुणाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. बाजारात त्या नोट उजेडात धरून बघायच्या, तसं.

“येईन,” त्या म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये फणसळकर फटाफट बोलत होते. “तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? आकडा शून्य येत नाही बिराजदार. कशाचाच येत नाही. केळ्याचा येत नाही, मिठाचा येत नाही. त्यांना शून्य हवाय. यंत्र एकदा टिकटिकलं की पळत सुटतील ते लोक.”

“मग शून्य येणार नाही असं आधीच सांगीन.”

“तुमच्या जबाबदारीवर करा. काही बिघडलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“बरं,” मी म्हटलं.

चांगुणाबाई आल्या त्या मांदेलीच्या दोन पाट्या घेऊन. एक माडबंदरची, केंद्राचं पाणी समुद्रात पडतं त्या तोंडाजवळ मुद्दाम जाळं टाकून काढलेली. दुसरी हर्णैची, त्यांच्या माहेरची, भावाने बर्फात घालून एसटीने पाठवलेली. बरोबर भास्कर तांडेल साक्षीला. मांदेली काट्यासकट खातात म्हणून काट्यासकटच जाळायची ठरली. दोन दिवस त्या भट्टीसमोर स्टुलावर बसून राहिल्या. डबा घरून यायचा. प्रयोगशाळेचा चहा त्यांनी घेतला नाही. मी काहीबाही समजावत होते, त्या नुसतं हं हं करत होत्या.

एकदाच बोलल्या. “मला वीज नको असं नाय गो बाय. बर्फ लागतो मला. बर्फ गेला तर मी परत खारं वाळवीत बसंन. पन त्या बर्फात मी काय ठेवते ते मला कळाय पायजे. रोज शंभर मान्सं खातात माझ्या हातचं.”

राख तयार झाल्यावर मी त्यांना काट्यावर वजन कसं करायचं ते दाखवलं, चपट्या स्टीलच्या वाट्या दिल्या आणि खोलीबाहेर गेले. परत आले तर टेबलावर तीन वाट्या.

“तीन?”

“तीन,” त्या म्हणाल्या. “तिसरी कुठली ते इचारू नको. तूच बोललीस ना, सांगू नका म्हनून?”

फणसळकर इंग्रजीतून कुजबुजले की अनोळखी नमुना मोजायचा नसतो. मी म्हटलं, शब्द दिलाय. चांगुणाबाई आणि भास्करराव व्हरांड्यात जाऊन बसले आणि मी पहिली वाटी यंत्रात सरकवली.

पहिली आणि दुसरी जवळजवळ सारखी आली. इकडची-तिकडची म्हणून फरक करता येऊ नये इतकी सारखी. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिसरी वाटी ठेवली आणि आकडे धावायला लागले. थांबले तेव्हा ते पहिल्या दोघींच्या जवळपास तिप्पट होते.

मी वाटी काढली, यंत्र रिकामं मोजून पाहिलं, ठीक होतं. वाटी पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.

फणसळकर माझ्या मागेच उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिसऱ्या वाटीत कुठल्या तरी कोपऱ्यातली, आम्ही कधीच न तपासलेली मासळी असणार. केंद्राच्या पाण्याच्या नाल्याशी रुतलेल्या शिंपल्या असतील, नाहीतर खाडीतलं काही. आणि तेच गावाची पोरं खात असणार. म्हणजे गाव खरं बोलत होतं आणि माझे इतक्या वर्षांचे आकडे भलतीकडेच बघत बसले होते.

“आत्ता बोलू नका,” फणसळकर म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती. “हा नुसता एकूण आकडा आहे. कशामुळे आलाय ते शोधायला आणखी एक दिवस लागेल. आधी कारण शोधू, मग सांगू. यात खोटं काहीच नाही.”

नव्हतंच. तेच तर अवघड होतं. शहाण्या माणसाने दिलेला शहाणा सल्ला होता. बाहेर दोन माणसं बसली होती आणि एका शब्दावर रस्ता अडणार होता, दुसरी भट्टी लांबणार होती, अंधारात बसलेली गावं अंधारातच राहणार होती.

“कारण शोधूच, सर,” मी म्हटलं. “आज रात्रभर बसेन. पण मी आकडा सांगते म्हणाले होते, कारण सापडलं तर सांगते असं नव्हते म्हणाले.”

मी व्हरांड्यात गेले.

“मावशी, पहिल्या दोन वाट्या सारख्या आहेत. तिसरीत जास्त आहे. जवळपास तिप्पट.”

भास्करराव ताडकन उठले. चांगुणाबाई बसूनच होत्या.

“कशाचं जास्त?”

“ते अजून माहीत नाही. आज शोधते. यंत्र दोनदा तपासलं, ते बरोबर आहे.”

“तुझ्या सायबाला म्हाईत हाय?”

“त्यांच्यासमोरच मोजलं.”

“आनि तरी तू मला सांगतंस? हा भास्कर उद्या रस्ता अडवील. तुझी नोकरी जाईल गो.”

“जाईल तर जाऊ दे. आधी मला सांगा, तिसऱ्या वाटीतली मासळी कुठून काढली? कुठल्याही पाण्यातली असू दे, आज ती कोणी खाऊ नका आणि विकू नका. पोरांना तर मुळीच देऊ नका. मावशी, सांगा ना!”

मी जवळजवळ ओरडलेच. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याची लाज वाटायचीही सवड नव्हती.

चांगुणाबाईंनी कमरेची मिश्रीची डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली. आत करडी राख होती.

“ही माझ्या चुलीतली हाय,” त्या म्हणाल्या. “नारळाच्या सोडनाची. भांडी घासते मी हिनं. म्हाताऱ्याचे दात पन घासते.”

मला काही कळेना. भास्कररावांनाही कळलं नव्हतं. ते म्हणाले, “चांगुने, हे काय?”

“बोटीवर नवा खलाशी घेतला की तू काय करतंस, भास्कर? दोरी सोडायला लावतंस नि इचारतंस, पानी किती खोल. पानी किती ते तुला आधीच म्हाईत असतं. तो काय सांगतो ते तुला बघायचं असतं ना?” त्यांनी डबीचं झाकण लावलं. “हिच्यात किती निघंल ते मला म्हाईत नव्हतं, पन ही म्हावऱ्याची नाय येवढं म्हाईत होतं. तिन्ही वाट्या सारख्याच सांगितल्या असत्या तर मी समजले असते, ही मोजतच नाय, नायतर दाबून ठेवते. दाबलं असतं तर आज मीच पैली रस्त्यावर झोपनार होते.”

मी खाली पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. आणि मग मला कारण सापडलं, रात्रभर जागायची गरजच उरली नाही. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या तंतूंच्या सालीत, पोटॅश भरपूर. माडाला मीठ-पोटॅश लागतं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि पोटॅशमध्ये किरणं देणारा एक बारीकसा अंश असतो, पृथ्वी झाली तेव्हापासूनचा. तो केळ्यात असतो, दुधात असतो, हर्णैच्या मांदेलीत असतो.

“आनि आमच्या अंगात?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या.”

“म्हंजे शून्य कंदीच नाय?”

“कधीच नाही. शून्य आहे असं सांगणारा कोणी आला तर त्याला ओट्यापाशी उभं करू नका. अणुभट्टीतून येणारं वेगळं ओळखता येतं. ते इथल्या मासळीत सापडतंय का, तेच मी बघते. आत्तापर्यंत काळजी करावी असं सापडलं नाही. सापडलं तर पहिल्यांदा तुम्हाला सांगीन.”

त्या उठल्या, पदर खोचला. “चहा असंल तर दे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्या आपल्या ओट्यावर उभ्या राहिल्या. मी समोरच होते. मला वाटलं होतं त्या पोटॅशचं काही सांगतील. त्यांनी सांगितलं ते एवढंच:

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. जास्त निघालं तवा तिनं जास्त सांगितलं. आता ती कमी सांगंल तवा मी कमी मानीन.”

मुंबईच्या व्यापाऱ्याला हे पटायला थोडे दिवस लागले, पण पापलेटाचा मोसम कोणासाठी थांबत नाही. ट्रक आला. रस्ता कोणी अडवला नाही. दुसरी भट्टी ठरल्या दिवशी सुरू झाली. त्या संध्याकाळी फणसळकर म्हणाले, “बिराजदार, माझ्याच्याने नसतं झालं.” ते मोठ्या मनाने म्हणाले. त्यानंतर आमचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला लागले, माझ्या अक्षरात, मराठीत. बायका ते वाचायच्या नाहीत. पण लागले की नाही ते मात्र बघायच्या.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी निवृत्त होणार होते त्या आठवड्यात चांगुणाबाई रिक्षाने आल्या. पाठीत वाकल्या होत्या, दिसतही कमी होतं, आवाज मात्र बाजाराचाच होता. कमरेची डबी काढून त्यांनी पुढे केली. मी हात पुढे केला तर त्यांनी डबी मागे घेतली.

“तू नको. तुझ्या जागी नवी पोर आली ना? तिला मोजू दे.”

मुग्धा नवी होती, हुशार, थोडी घाबरट. तिने डबी घेतली आणि आत गेली. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या त्याच बाकावर बसलो. डबीत काय आहे ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांना. समोर माड हलत होते. मला सांगायला लाज वाटत नाही, पहिल्या वेळेपेक्षा या वेळी माझी छाती जास्त धडधडत होती.

बऱ्याच वेळाने मुग्धा बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. ती आधी माझ्याकडे आली. “मॅडम, आकडा फार जास्त आहे. सरांना फोन करून मग सांगू का आजींना?”

मी समोरच्या माडाकडे बघत राहिले. जीभ दातांखाली धरून ठेवली होती.

मुग्धा वळली आणि चांगुणाबाईंसमोर गुडघ्यांवर बसली.

“आजी, यात जास्त आहे. नवं यंत्र पोटॅशियम म्हणतंय. ते घातक नसतं, पण एवढं का, ते मला अजून कळलेलं नाही. मी शोधते. तोवर हे जे काही आहे ते घरात कोणी तोंडात घालू नका.”

चांगुणाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या.

“चल बाय,” त्या मला म्हणाल्या. “आता तू खुशाल घरी जा.”